हाकेचे अंतर

खातूनभाभींनी मेथीच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि त्यांच्या तोंडाला फेस आला. शाळेत शिकवतात तो वाक्प्रचार नव्हे. खरोखरचा, पांढरा, लिंबाच्या वासाचा फेस. समोर बसलेल्या हबीबभाईंनी समाधानाने मान हलवली. मेथी त्यांनी स्वतः धुतली होती. पानन् पान साबणाच्या पाण्यातून काढले होते. अशा भाजीतून कोणताही आजार घरात शिरू शकत नाही, याची त्यांना खात्री होती.

हबीबभाई शहाद्यातले जुने पिंजारी. टाळेबंदी लागली त्या दिवशी त्यांनी दुकानाला कुलूप लावले आणि ते घरात आले, ते घरातच राहिले. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, टाळेबंदी उठली, बाजार भरू लागला. हबीबभाई उंबऱ्याच्या आत. रिकाम्या हातांना चैन पडेना म्हणून त्यांनी घरातली एकेक गादी उसवली, कापूस पिंजला, गादी पुन्हा भरली. गाद्या संपल्यावर उशा घेतल्या. उशा संपल्यावर ते स्वयंपाकघरात आले. वरणात कापूस सापडत होता तोवर भाभी काही बोलल्या नाहीत. पण मेथी त्यांच्या आवडीची होती.

त्यांनी चूळ भरली, गल्ली ओलांडली आणि त्या समोरच्या ओट्यावर कोवळ्या उन्हात बसलेल्या हेमराज गुरुजींपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, इनको कहीं ले जाव," त्या म्हणाल्या. "बहोत दूर नहीं. बस्स, मेरे चूल्हे से दूर."

गुरुजी हसले. पण भाभी हसल्या नाहीत. गल्लीत कोणी खोकले तरी हबीबभाई अंथरुणात उठून बसतात, हे त्यांनी हलक्या आवाजात सांगितले. दाराची कडी वाजली की आधी भिंतीला टेकतात, मग विचारतात कोण आहे. भीती आत जाऊन बसली आहे आणि ती घरात बसून निघायची नाही. माणूस एकदा बाहेर जाऊन सुखरूप परत आला, तर निघेल.

"और कुछ उलटा हुआ," त्या म्हणाल्या, "तो फिर जिंदगीभर ये घर में और मैं साबण की भाजी में."

गुरुजींनी मान डोलावली. त्यांच्याही मनात गेले कित्येक दिवस एक चित्र होते. ते तापीकाठ सायकल मंडळाचे प्रमुख होते, आणि मंडळ पावसाळाभर भिंतीला टेकून उभे होते. गुरुजी डोळे मिटत आणि त्यांना तापीकाठच्या प्रकाशा गावाचा रस्ता दिसे. पहाटेचे धुके, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि धुक्यातून एकामागे एक, बगळ्यांच्या रांगेसारखे, अलगद जाणारे सायकलस्वार. शेवटी तापीचा पूल आणि पाण्यावर उगवणारा सूर्य. शिकवताना मुलांपुढे नकाशा उलगडावा तसे ते हे चित्र रोज मनात उलगडत आणि घडी करून ठेवत.

प्रकाशापर्यंतच्या सायकलफेरीची परवानगी नुकतीच मिळाली होती. थोडी माणसे, मध्ये पुरेसे अंतर, आणि कुठेही गर्दी नको. गर्दी झाली तर पुन्हा परवानगी मागायला येऊ नये, असे देणाऱ्या साहेबांनी तोंडी सांगितले होते.

मंडळाची बैठक हबीबभाईंच्या खिडकीखाली भरली. मंडळात चौघेच उरले होते. खिडकीच्या गजांआड हबीबभाई. बाहेर गुरुजी. पिठाची गिरणी चालवणाऱ्या आशाताई, ज्यांना गिरणीच्या आवाजावर बोलायची इतकी सवय की गिरणी बंद असतानाही ती चालू आहे असे समोरच्याला वाटे. आणि वीरसिंग, वनरक्षक, तोरणमाळच्या पलीकडच्या पाड्यातला, नोकरीसाठी शहाद्यात राहणारा. तो फार कमी बोले. मराठी त्याची शाळेतली होती आणि ती तो जपून वापरी.

सहा फुटांचे अंतर ठेवू, असे गुरुजी म्हणाले. गजांआडून उत्तर आले.

"सहा फूट खडे आदमी के वास्ते, गुरुजी. सायकल तो चलती. आगेवाला साँस छोडके निकल जाता, साँस वहींच रहती. पीछेवाला सीधा उसमें घुसता."

गुरुजींना कौतुकच वाटले. इतका नीट विचार करून उत्तर देणारा मुलगा वर्गात क्वचितच मिळे.

"मझार दोरी बांधी दिसूत का?" आशाताईंनी विचारले. मध्ये बांधलेली दोरी कुत्र्यांच्या पायात येईल, हे त्यांचे त्यांनाच लगेच सुचले. वीरसिंग बराच वेळ विचार करून म्हणाला, दोघांमध्ये एक टेकडी ठेवावी. पण शहादा ते प्रकाशा रस्ता तव्यासारखा सपाट. टेकडी आणायची कुठून.

तेव्हा गुरुजींना शब्द सापडला. "हाकेचे अंतर ठेवू," ते म्हणाले.

शब्द त्यांचा आवडता होता. कित्येक वर्गांना त्यांनी तो समजावून सांगितला होता. हात लागणार नाही इतके लांब, आणि बोलावले तर येता येईल इतके जवळ. पुढच्याने निघावे, हाकेच्या टोकाला पोचला की हाक द्यावी, ती ऐकून मागच्याने निघावे. हबीबभाईंनाही ते पटले. वीरसिंगचा चेहरा उजळला. हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. कोणाची हाक, हे मात्र कोणीच विचारले नाही.

हबीबभाईंनी आपल्या अटी सांगितल्या. ते सगळ्यात शेवटी राहतील, म्हणजे पाठीमागे कोणी नको. मोबाइल घरी ठेवतील, कारण तो तोंडाशी धरावा लागतो. आणि बाहेर असेपर्यंत तोंड उघडणार नाहीत, कारण सगळे उडते ते बोलण्यातूनच. शेवटच्या माणसाला हाक द्यायची नसते, तेव्हा यात काही अडचण नाही, असे गुरुजींनी मनातल्या मनात तपासून पाहिले आणि होकार दिला.

रविवारी पहाटे धुके इतके दाट होते की शहाद्याच्या वेशीवरचा विजेचा खांब कमरेपासून वर नव्हताच. टायरच्या बंद दुकानापाशी चौघे दूर दूर उभे राहिले. हबीबभाईंनी मास्क लावला होता, मास्कवर रुमाल, रुमालावर मफलर. दारातून निघताना भाभींनी त्यांना डोळे भरून पाहिले आणि दार पटकन लावून घेतले, मन बदलायला वेळ मिळू नये म्हणून.

गुरुजी निघाले. सगळे आयुष्य त्यांनी वर्गात हळू बोलून काढले होते. ते हळू बोलत म्हणून मुले शांत बसत. चार पावलांवर गेले आणि त्यांनी हाक दिली. कोणालाच ती ऐकू आली नाही. ते थोडे मागे आले आणि पुन्हा दिली.

"गुरुजी, तुम्हनी हाक शे का निसासा?" असे म्हणत आशाताई सायकलवर बसल्या. गुरुजींच्या हाकेचे अंतर इतके लहान निघाले की त्या जवळजवळ त्यांच्या चाकाला चाक लावूनच निघाल्या. आशाताईंची हाक मात्र कापूस खरेदीच्या फाटकापलीकडून स्वच्छ आली, दोन दुकानांच्या पत्र्यांवर आपटून. वीरसिंग निघाला.

आणि वीरसिंग जात राहिला.

त्याच्या पाड्यात घरे एका डोंगरावर एक, दुसऱ्या डोंगरावर दुसरे अशी असतात. शेजारणीकडे मीठ मागायचे तरी हाक दरीपलीकडे द्यावी लागते. आपली हाक कुठपर्यंत जाते हे त्याला नेमके ठाऊक होते, आणि ठरल्याप्रमाणे तो त्या टोकापर्यंत प्रामाणिकपणे जात होता. वेस गेली, बागा सुरू झाल्या, पहिला ओढा गेला.

इकडे हबीबभाई एकटे उभे होते. हाक येत नव्हती. दूधवाला थांबला. त्याच्यासमोर म्हाताऱ्यासारखा दिसणारा माणूस, तोंड बांधलेले, सायकल धरून धुक्याकडे टक लावून उभा आहे.

"बोला ना बाबा," त्याने विचारले, "कोनी वाट देखी ऱ्हायनात?"

हबीबभाई बोलणार नव्हते. त्यांनी हाताने खूण केली, लांब राहा. हात छातीजवळून पुढे गेला. दूधवाल्याने वेगळाच अर्थ घेतला. "छातीमा दुखस का?" असे म्हणून तो जवळ आला. हबीबभाईंनी खूण आणखी जोरात केली. ती पाहून फिरायला निघालेले दोघे पळत आले. एकाने वारा घालायला पिशवी काढली, दुसऱ्याने बसायला दगड आणला. गर्दीला भिऊन सर्वांत मागे राहिलेला माणूस पाहता पाहता गर्दीच्या मधोमध आला.

तेवढ्यात धुक्यातून, फार लांबून, एक हाक आली. ती कानावर पडली असे म्हणता येणार नाही. बांगडीतून वारा जावा तशी ती आली आणि गेली. हबीबभाईंनी पायडल मारले. पिशवीवाला थोडे अंतर बरोबर धावला आणि मग थांबला.

मग रस्ता एकटा झाला.

हबीबभाई सुरुवातीला जोरात चालवत होते. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आले की मागे कोणी नाही. पुढेही कोणी नाही. केळीच्या पानांवरून थेंब पडत होते आणि ते पडल्याचे ऐकू येत होते. पपईची झाडे धुक्यात उभी होती, फळांसकट, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखी. सायकलची साखळी एका सुरात बोलत होती. रस्ता चाकाखालून मागे जात नव्हता. तो पुढून येऊन, चाकाला हात लावून, विरघळत होता. आपण चालवतो आहोत की झोपलो आहोत, हे त्यांना नीट कळेना. इतके दिवस घरात झोपेतही ते जागे असत. आता जागेपणी त्यांना झोपेसारखे वाटत होते. त्यांनी मफलर सोडला. थोड्या वेळाने रुमालही खाली ओढला. मास्क तेवढा ठेवला.

डाव्या हाताला धुके थोडे विरळ झाले आणि कापसाचे शेत दिसले. शेवटची वेचणी राहिली होती. बोंडे फुटून कापूस बाहेर आला होता आणि धुके आणि कापूस यांतले कोणते कुठे संपते ते कळत नव्हते. उभा जन्म कापसात गेलेला माणूस, पण इतक्यात कापूस पाहिला तो जुन्या गाद्यांमधला, काळपट, घामाचा. हबीबभाई उतरले. सायकल बांधाला लावली आणि शेतात शिरले. एक बोंड त्यांनी दोन बोटांत धरले. ते ओले होते, थंड होते, आणि त्याला त्यांनी साबण लावला नाही. ते तिथेच उभे राहिले.

पुढे, बरेच पुढे, गुरुजींनी आशाताईंना विचारले की हबीबभाई येत आहेत ना. आशाताई मागे वळून ओरडल्या, "वीरसिंगभाऊ, हबीबभाऊ कोठे शेत?" वीरसिंगने सायकल थांबवली, दोन्ही पंजे तोंडाशी धरले आणि मागच्या धुक्यात हाक सोडली, "हबीऽऽब."

उत्तर आले नाही. कसे येणार? हबीबभाईंनी हाक ऐकली, छान वाटले त्यांना, आणि ते बोंडाकडे पाहत राहिले. तोंड उघडायचे नाही हे ठरलेले होते.

वीरसिंगने दुसऱ्यांदा हाक दिली. मग तिसऱ्यांदा.

त्याच्या गावाकडे माणसाला नाव घेऊन तीनदा हाक मारली आणि उत्तर आले नाही, तर त्याचा अर्थ एकच होतो. माणूस रानात हरवला आहे. आणि अशी हाक ज्याच्या कानावर पडेल त्याने हातातले काम ठेवून ती पुढे द्यायची असते. ओळख असो नसो. वीरसिंगला हे पुरेपूर ठाऊक होते. पण आपण शहाद्याच्या सपाटीवर आहोत, इथे ही हाक कोणाला कळणार, असे त्याला वाटले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांच्या बांधांवर कापडी पाले ठोकून वेचणीला आलेली सगळी कुटुंबे सातपुड्यातलीच होती, हे त्याच्या डोक्यातच आले नाही.

उजवीकडच्या धुक्यातून "होऽऽ" आले. मग डावीकडून. मग आणखी लांबून. आपल्या मुलखातला सूर ऐकून वीरसिंगला इतके बरे वाटले की त्याने आपल्या बोलीत विचारले, तिकडे हबीब नावाचा माणूस आला आहे का. नाही, असे उत्तर आले. माणूस हरवला याची आता ऐकणाऱ्यांना शंकाच राहिली नाही.

दिवलीबाई नावाची एक उंच, म्हातारी बाई त्या वेचणाऱ्यांची मुख्य होती. तिने पाठीवरची कापसाची झोळी उतरवली आणि सगळ्यांना उठवले. हाक एका बांधावरून दुसऱ्या बांधावर गेली. ज्यांना बोली कळत नव्हती त्या गावकऱ्यांनी आपल्या भाषेत पुढे दिली. सायकलपेक्षा ती कितीतरी वेगाने गेली आणि वीरसिंगला मागे टाकून आशाताईंपर्यंत पोचली.

"गुरुजी," आशाताई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज गिरणीचा नव्हता, "मांगेथून हाक येई ऱ्हायनी. हबीबभाऊ दवडाई गयात म्हने."

हरवले. गुरुजींच्या हातातला ब्रेक आपोआप दाबला गेला. त्यांना फक्त खातूनभाभी दिसल्या, ओट्यापुढे उभ्या.

हबीबभाई शेतातून बाहेर आले तेव्हा बांधावरून चार माणसे पळत येत होती. त्यांतल्या एकाने हातवारे करून विचारले, हबीब नावाचा माणूस पाहिला का. हबीबभाई विचारात पडले. मीच तो म्हणायचे तर तोंड उघडावे लागेल. तोंड उघडले की ही चार माणसे जवळ येतील, आणि मघाची पिशवी त्यांना आठवत होती. त्यांनी अगदी सभ्यपणे रस्त्याच्या पुढच्या दिशेला बोट दाखवले.

माणसे पुढे धावली. हबीबभाई मागून सावकाश निघाले. ओढ्यापाशी आणखी सहा-सात जणांनी विचारले. त्यांनी पुन्हा पुढे बोट दाखवले. पुढच्या फाट्यावर स्वतः दिवलीबाई होती. तिने त्यांना निरखून पाहिले. त्यांनी तिलाही पुढचाच रस्ता दाखवला. त्यात खोटे काही नव्हते. ते पुढेच चालले होते.

अशा रीतीने शोधणारे सगळे पुढे गेले आणि हरवलेला मागून येत राहिला. आणि पुढे होती तापी.

पहाट, धुके, नदी आणि बेपत्ता माणूस. एवढे एकत्र आल्यावर लोकांना जे वाटायचे तेच वाटले. वीरसिंग पुलापाशी थांबलेल्या गुरुजींपर्यंत येऊन पोचला तोवर प्रकाशाच्या घाटावर माणसे उतरली होती. भिला नावाडी नाव पाण्यात लोटून बांबूने तळ चाचपत होता. देवळाकडून दर्शनाला आलेले लोकही येऊन थांबले. कोणी म्हणे हरवलेल्याला हिरव्या सदऱ्यात पाहिले, कोणी म्हणे तो रडत होता. एका माणसाने तर त्याच्याशी बोलल्याचेही सांगितले.

पुलाच्या तोंडाशी बंदोबस्ताला असलेले हवालदार गुरुजींकडे आले. सायकलस्वारांवर लक्ष ठेवायला त्यांना सांगितलेले होते.

"गुरुजी, परवानगीत काय म्हटलंय? गर्दी नको. ही काय आहे?"

गुरुजींना परवानगीचे सुचत नव्हते. ते पुलाच्या कठड्याला धरून उभे होते. धुके पाण्यावरून हळूहळू वर उचलले जात होते आणि त्याखालची नदी राखाडी, मऊ, कोणतीच घाई नसलेली अशी वाहत होती. त्यांच्या मनातल्या चित्रातली तीच नदी. भाभींना काय सांगायचे? भीती निघावी म्हणून नेला आणि माणूसच निघून गेला?

त्यांनी पंजे तोंडाशी धरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आवाज चढवला. "हबीबभाईऽऽ" ती हाक मध्येच फाटली, पण नदीच्या पलीकडच्या काठाला लागून परत आली. घाटावरच्या सगळ्यांनी वर पाहिले.

गर्दीच्या मागच्या टोकाला, एका चिंचेखाली, हबीबभाई सायकल धरून उभे होते. त्यांनी घंटी वाजवली. कोणी पाहिले नाही. पुन्हा वाजवली. गुरुजींनी दुसऱ्या हाकेसाठी पंजे पुन्हा तोंडाशी नेले, पण हाक आली नाही. त्यांचे खांदे तेवढे हलले.

मध्ये माणसे होती. खांद्याला खांदा लावून उभी, काही मास्क लावलेली, काही न लावलेली, धापा टाकणारी. हबीबभाईंनी सायकल झाडाला टेकवली. एक क्षण डोळे मिटले. मग ते गर्दीत शिरले. कोपर लागले, पाठ लागली, कोणाच्या तरी ओल्या केसांचा वास आला. "जरा सरको भाई," असे ते म्हणाले, आणि आपण बोललो हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

"गुरुजी," त्यांनी मागून गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला, "चिल्लाव मत. गला बैठ जायेगा. मैं यहींच हूँ."

गुरुजी वळले. त्यांनी दोन्ही हातांनी हबीबभाईंचे हात धरले आणि सोडलेच नाहीत.

"हे कोण?" हवालदारांनी विचारले.

"जिसको ढूँढ रहे, वो," हबीबभाई म्हणाले.

बातमी घाटाच्या पायऱ्या उतरून खाली गेली. दिवलीबाई वर चढून आली, हबीबभाईंपुढे उभी राहिली आणि तिने त्यांना ओळखले. मग ती जे बोलली ते बराच वेळ चालले. ती थांबल्यावर सगळ्यांनी वीरसिंगकडे पाहिले.

"ती म्हणते," वीरसिंगने शब्द जुळवत सांगितले, "आमच्याकडे पण माणसं हरवतात. पण हरवलेला माणूस रस्ता दाखवत नाही."

पहिल्यांदा भिला नावाडी हसला, नावेतूनच. मग घाट हसला. दिवलीबाईने हबीबभाईंच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कपाळाच्या दोन्ही बाजूंना बोटे मोडली. हबीबभाई हलले नाहीत. उलट थोडे वाकले, तिचा हात नीट पोचावा म्हणून.

गुरुजींना आता गर्दी आठवली. ते हवालदारांकडे गेले आणि चूक आपली आहे, शब्द आपला होता, असे सांगू लागले. हवालदारांनी त्यांना थांबवले आणि घाटावर नजर फिरवली. सूर्य वर आला होता. वेचणाऱ्या बाया पाण्यात पाय सोडून तोंडे धूत होत्या. कोणीतरी चहा ठेवला होता.

"यांच्यात सायकलवाले किती?"

"आम्ही चौघे."

"तुमच्या चौघांत अंतर होतं?"

"काही ठिकाणी फारच होतं," आशाताई म्हणाल्या.

"मग तुमचं बरोबर आहे. बाकीचे पायी आलेत. पायी येणाऱ्यांचं मला कोणी काही सांगितलेलं नाही." असे म्हणून त्यांनी गर्दीला एकेक करून पांगवायला सुरुवात केली, आणि चहा घेऊनच जा, असेही प्रत्येकाला सांगितले.

शहाद्याला परतताना चौघांत किती अंतर होते हे कोणी पाहिले नाही. हबीबभाई सगळ्यांत पुढे होते आणि सारखे मागे वळून बोलत होते.

त्यानंतर रविवार असा राहिला नाही की ते घरी सापडतील. मग रविवारच्या जोडीला बुधवारही आला. सकाळी दुकान उघडायचे, दुपारी कुलूप, आणि सायकल. कधी प्रकाशा, कधी ब्राह्मणपुरीकडे, कधी नुसताच कापसाचा बांध. बोलायला कोणीही चाले. भाभींच्या घरात दुपार परत आली. भाजीला भाजीची चव आली. उन्हाचा कवडसा जमिनीवरून चालत भिंतीपर्यंत जाई आणि त्या त्याच्याकडे पाहत बसत.

अशाच एका दुपारी दार वाजले. बाहेर दिवलीबाई होती, आणखी दोन बाया घेऊन. वेचणी संपली होती, त्या डोंगरात परत निघाल्या होत्या. जाण्याआधी सापडलेल्या माणसाला बघून जावे म्हणून विचारत विचारत आल्या होत्या. भाभींनी त्यांना गादीवर बसवले, जी नव्याने पिंजलेली असल्यामुळे ढगासारखी होती, आणि चहा ठेवला. दोघींना एकमेकींची भाषा फारशी येत नव्हती, पण चहाला तेवढी पुरली.

दिवलीबाईने घरभर नजर फिरवली आणि हाताने विचारले, कुठे आहे?

भाभींनी मोठ्या समाधानाने साखर घातली. "गुम गये," त्या म्हणाल्या. "सुबह से."

तेवढा एक शब्द दिवलीबाईला नीट कळला. तिने कप खाली ठेवला, पदर खोचला, ती उठली, दारात गेली आणि तिने दोन्ही पंजे तोंडाशी धरून छातीभर श्वास घेतला.

खातूनभाभी धावत गेल्या आणि त्यांनी तिचा हात धरून खाली घेतला.

"ना बाई, ना," त्या अगदी हळू म्हणाल्या. "चाय पी. शाम तक तो रहने दे."